चेअरमन, चेअरपर्सन की चेअरमनबाई?

धारवाडला लागून असलेली केलगेरी आज महापालिकेच्या हद्दीत मोडते. 1956 पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता. त्यामुळे सहकारी सोसायटीचा कायदा केलगेरीला आणि साताऱ्याला एकच, आणि कारभाराचे इंग्रजी शब्दही तेच. देशातली पहिली शेती पतसंस्था मानली जाते ती कणगिनहाळची. सिद्धनगौडा पाटील यांनी 1905 साली ती तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यात, म्हणजे आताच्या गदगमध्ये उभी केली.

सोसायटी म्हटली की ‘चेअरमन’ आलाच. ‘चेअर’ मूळ ग्रीक ‘कथेड्रा’, म्हणजे बसायचं आसन. लॅटिन, फ्रेंच असा फिरत तो इंग्रजीत आला. सभेत मानाच्या खुर्चीवर बसणारा तो चेअरमन, हा वापर 17व्या शतकातला. जुन्या इंग्रजीत ‘मॅन’ म्हणजे माणूस, बाई असो वा पुरुष. पुढे अर्थ आकसला आणि 1970 नंतर ‘चेअरपर्सन’ रुळला.

आपल्या राज्यघटनेत दोन्ही शब्द सापडतात. राज्यसभेसाठी कलम 89 मध्ये ‘चेअरमन’, तर 1992 च्या 73व्या घटनादुरुस्तीत पंचायतीसाठी ‘चेअरपर्सन’. 2011 च्या 97व्या दुरुस्तीने सहकारातही ‘चेअरपर्सन’ आणला, शिवाय संचालक मंडळात महिलांना दोन जागा दिल्या. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये हा भाग फक्त बहुराज्य संस्थांपुरता ठेवला. सीमाभागात कर्नाटक-महाराष्ट्र दोन्हीकडे काम करणाऱ्या संस्था आहेत, त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

मराठीची मात्र ‘चेअरमन’वर फारशी अडचण होत नाही. ‘चेअरमन आले’, ‘चेअरमन आल्या’. क्रियापदच सगळं सांगून जातं. कन्नडमध्ये अध्यक्ष आणि अध्यक्षे अशी दोन रूपं आहेत, मराठी पत्रिकेतही ‘अध्यक्षा’ छापतात. खरा घोळ ‘चेअरमनबाई’त आहे. पाटलीणबाई म्हणजे पाटलांची बायको, तशी चेअरमनबाई म्हणजे चेअरमनची बायको की स्वतः चेअरमन? सरपंचबाई निवडून येतात आणि खुर्चीत यजमान बसतात, हे दोन्ही राज्यांत पाहिलेलं आहे. तिथे हा घोळ नुसता व्याकरणाचा राहत नाही.

म्हणून वार्षिक सभेच्या नोटिशीत आधी बाईंचं पूर्ण नाव आणि त्याखाली ‘चेअरमन’ किंवा ‘अध्यक्ष’ एवढंच लिहावं. यजमानांचं नाव ते सभासद असतील तर सभासदांच्या यादीत येतंच.