गंजाखालचं लोखंड आणि आपल्या आयाबायांची हत्यारं

दरवर्षी खंडेनवमीला आपण घरातली अवजारं धुऊन पुसून पाटावर मांडतो, हळदकुंकू वाहतो. या वेळी आमच्या गटातल्या एकीने माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. आत सासूबाईंची दोन खुरपी, एक विळा, एक अडकित्ता आणि पातं सैल झालेली विळी होती. सगळं लाल गंजाने माखलेलं. अडकित्ता तर उघडेचना. घरातले म्हणाले, भंगारवाल्याला द्या. आम्ही म्हटलं, थांबा जरा.

थांबण्याचं कारण होतं. सासूबाईंच्या नावावर गुंठाभरही जमीन नव्हती. पण खुरपं त्यांचं स्वतःचं होतं. भांगलणीला जाताना बाईने आपलं खुरपं आपणच न्यायचं असतं. खुरप्याला धार नसेल तर पात मागे राहते, आणि मागे राहणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवशी कोण बोलावणार? म्हणजे तिची रोजची भाकरी त्या वीतभर लोखंडावर होती. इतिहासाच्या पुस्तकांत तलवारींची नावं असतात, खुरप्याचं नाव कुठे नसतं. म्हणून आज त्याच्याबद्दल बोलू या.

आपल्या मुलखात लोखंड फार जुनं आहे. नागपूर जिल्ह्यात माहुरझरीला मोठमोठ्या दगडांची वर्तुळं आहेत. ती अडीच हजार वर्षांहून जुनी दफनं आहेत. त्यांत माणसांबरोबर लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, सुऱ्या ठेवलेल्या सापडल्या. त्याच जिल्ह्यातल्या नायकुंड इथे १९७०च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या उत्खननात लोखंड गाळायची भट्टीच मिळाली. म्हणजे दगडातून लोखंड काढायची विद्या इथे तेव्हाच रुजलेली होती.

पुढे गावगाड्यात लोहार हा बारा बलुतेदारांपैकी एक झाला. तो वर्षभर फाळ, विळे, खुरपी शेवटून द्यायचा आणि सुगीला खळ्यावर धान्याचं बलुतं घ्यायचा. गावोगाव फिरणारे घिसाडीही यायचे. वेशीबाहेर पाल पडलं की आपण पाहिलंच आहे : पुरुष सांडशीत तापलेलं लोखंड धरून बसतो आणि बाई उभी राहून घण मारते. लोखंड हे पुरुषाचं काम असं कुणी म्हटलं, तर त्याला ही बाई दाखवावी.

इंग्रजी अमलात विलायतेचं स्वस्त लोखंड आलं. १८७८च्या वन कायद्याने जंगलं आणखी आवळली गेली, कोळसा मिळणं कठीण झालं, आणि गावठी भट्ट्या विझत गेल्या. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आजच्या किर्लोस्करवाडीला कारखाना हलवला. त्यांचा लोखंडी नांगर शेतकरी सुरुवातीला घेईनात. लोखंडाने जमिनीला विष चढेल अशी भीती होती. ती भीती हळूहळू गेली आणि कारखान्याचा माल घरोघर आला. आता आमच्या गावात भाता बंद आहे. बाजारातलं खुरपं पातळ पत्र्याचं, एका हंगामात वाकतं. म्हणून पेटीतल्या जुन्या, घडीव लोखंडाची किंमत आम्हाला कळली.

आता गंज कसा काढला ते सांगतो. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणूनच अडकित्त्याचा सांधा जाम होतो. गंजाला आंबट पदार्थ विरघळवतो. तांब्यापितळेला चिंच लावायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही, तीच चिंच इथेही चालते. मूठभर चिंच कोमट पाण्यात कुस्करून घ्यायची, पातं रात्रभर बुडवायचं, सकाळी नारळाच्या शेंडीने घासायचं. लिंबू किंवा व्हिनेगरही चालतं. लाकडी मूठ मात्र बुडवू नका, ती फुगते आणि तडकते.

आमची एक चूक झाली. जास्त वेळ ठेवलं तर जास्त उजळेल म्हणून एक खुरपं तीन दिवस व्हिनेगरमध्ये विसरलो. आंबट पाण्याने गंजाबरोबर लोखंडही खाल्लं, पात्याला खड्डे पडले. तेव्हापासून दर दोन-चार तासांनी उघडून बघायचं असा नियम केला. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या किंवा चुलीच्या राखेच्या पाण्यात धुवायचं, म्हणजे उरलेला आंबटपणा मरतो. लगेच कोरडं करून उन्हात तापवायचं आणि तेलाचं बोट फिरवायचं. तेल लावलं नाही तर संध्याकाळपर्यंत पुन्हा तांबूस होतं.

अडकित्त्याला पूर्वी रॉकेल सोडत. आता ते कुठे मिळतं? आम्ही शिलाई मशीनचं तेल सांध्यात थेंब थेंब सोडलं, दोन दिवस ठेवलं, मधून मधून लाकडाने हलकेच ठोकलं. जोर लावला असता तर खिळा तुटला असता. तिसऱ्या दिवशी तो करकरत उघडला.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. संडास धुवायचं ॲसिड यासाठी वापरू नका, त्याची वाफ छातीत जाते. आणि लागलं तर धनुर्वाताची सुई घ्या. धनुर्वात गंजाने होत नाही, मातीतल्या जंतूंमुळे होतो. पण शेतातल्या हत्याराला माती असतेच.

आणखी एक. शेत नांगरताना फार जुनं लोखंड सापडलं, तर त्याला चिंच लावू नका. गंजाच्या थरात कधी कधी कापडाची वीण, लाकडाच्या मुठीचे धागे छापून राहिलेले असतात. जाणकाराला तो गंज वाचता येतो. तसंच ठेवून तलाठ्यामार्फत पुरातत्त्व विभागाला कळवा.

सासूबाईंचं खुरपं आता त्यांची सून वापरते. मूठ नवीन, बाभळीची. पातं जुनंच, घासून घासून थोडं अरुंद झालेलं. ती म्हणते, हातात धरलं की अंगठा आपोआप जागेवर बसतो, सासूबाईंच्या अंगठ्याने तिथे खोलगट झालंय.

तुमच्या माळ्यावरही अशी पेटी असेल. भंगारवाला येण्याआधी एकदा उघडून बघा, आणि ती हत्यारं कुणाची होती ते घरातल्या थोरल्या बाईला विचारून ठेवा.