दिवाणजींची कीर्द आणि सी. ए.ची सही

बेगम बाजार म्हटले की आमच्या देगलूर-बिदर पट्ट्यातल्या माणसाला मिरची, सुका मेवा आणि लग्नाची भांडी आठवतात. निजामअली खानाच्या हमदा बेगमेने व्यापाऱ्यांना दिलेल्या जागेवर हा बाजार वसला, असे सांगतात. मला तो आठवतो हिशेबासाठी. माझे वडील तिथल्या एका किराणा पेढीवर चाळीसहून अधिक वर्षे दिवाणजी होते आणि पुढे त्याच गल्ल्यांतून मी हिशेब तपासत हिंडलो. वडिलांच्या लेखणीला कधी परवाना लागला नाही. माझ्या सहीला लागला. हा परवाना कुठून आला आणि कोणाच्या हाती पडला, त्याची ही हकीकत.

दिवाणजी होण्याची शाळा म्हणजे गादीच. पोरगा आधी माल मोजायचा, पत्रे पोचवायचा, मग जुन्या दिवाणजींच्या मागे बसून रोजकीर्दीच्या बेरजा ताडून पाहायचा. खतावणी हाती येण्यास तीन-चार वर्षे लागत, तेरीज जुळवण्याइतका विश्वास बसायला त्याहून अधिक. वडील मोडीत लिहीत, शेठजींची खासगी वही त्यांच्या मुडियात असे आणि सरकारी कागद उर्दूत. सालेही तीन : व्यापाऱ्याचे दिवाळीचे, निजाम सरकारचे फसली आणि मुंबई-मद्रासच्या पत्रांवरचे इंग्रजी. फसलीत ५९० मिळवले की इंग्रजी साल निघते, हे मी पाढ्यांबरोबरच शिकलो. नाणीही दोन. इंग्रजांच्या शंभर कलदार रुपयांना निजामाचे हाली सिक्क्याचे ११६ रुपये १० आणे ८ पै. सहाला सात हा भाव. त्यात बट्टा वरखाली झाला की तोही लिहायचा. मुंबईहून आलेल्या वेलदोड्याच्या एका पेटीसाठी किती लिपी, किती साले आणि किती नाणी लागत! ही सगळी विद्या, पण तिचे प्रमाणपत्र देणारे कोणी नव्हते आणि मागणारेही नव्हते.

तिकडे इंग्रजी मुलखात मात्र प्रमाणपत्राचे युग आले होते. १९१३ च्या कंपनी कायद्याने सरकारी सर्टिफिकेट असलेल्या माणसानेच कंपनीचे हिशेब तपासावे असे ठरवले. १९१८ साली मुंबई सरकारने हिशेबनिसाचा डिप्लोमा काढला, त्यालाच जी. डी. ए. म्हणत. परीक्षा द्यायची आणि मान्यताप्राप्त हिशेबतपासनिसाकडे तीन वर्षे उमेदवारी करायची, म्हणजे ‘आर्टिकल’ व्हायचे. १९३२ पासून मध्यवर्ती सरकारने हे काम हाती घेतले आणि रजिस्टर्ड अकाउंटंट, म्हणजे आर. ए., ही पदवी आली. मद्रासच्या आर. शिवभोगम् १९३३ साली जी. डी. ए. झाल्या. हिंदुस्थानातल्या त्या पहिल्या स्त्री हिशेबतपासनीस. त्या काळी बेगम बाजाराच्या गादीवर बाई बसलेली कोणी पाहिली नसेल.

आता आमच्या मुलखातल्या एखाद्या हुशार पोराने या वाटेने जायचे म्हटले तर? आधी इंग्रजी हवे. मग मुंबईत राहायचा खर्च हवा. शिवाय उमेदवारी फुकट नसे. शिकवणाऱ्या साहेबाला शिकणाऱ्याने ‘प्रीमियम’ म्हणून रक्कम मोजायची. गादीवरच्या पोराला निदान दिवाळीला धोतरजोडी मिळे, इथे उलटा व्यवहार! त्यातून हैदराबादेत १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू. अर्थशास्त्रापासून वैद्यकापर्यंत सगळे उर्दूत शिकवण्याचा तो मोठा प्रयोग होता आणि मला त्याचे कौतुकच वाटते. पण आपल्याच विद्यापीठात उर्दूतून अर्थशास्त्र शिकलेल्या पदवीधराला हिशेबतपासनीस व्हायचे तर परीक्षा इंग्रजीत, आणि तीही परक्या मुलखात. मोडी आणि मराठीवर वाढलेल्या आमच्या वडिलांसारख्यांना तर ते दार दिसतही नव्हते.

दिसण्याची गरज तरी कुठे होती? संस्थानाला स्वतःचा कंपनी कायदा होता, १३२० फसलीचा. पण तो नांदेडच्या उस्मानशाही मिलसारख्या कंपन्यांसाठी. बेगम बाजारातली दुकाने घरची नाहीतर भागीदारीची. त्यांच्या हिशेबावर शेठजींचा डोळा आणि लक्ष्मीपूजनाचे कुंकू एवढे पुरे होते.

१३५७ फसलीत, म्हणजे १९४७-४८ साली, निजाम सरकारने आयकराचा कायदा केला. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली. १ जुलै १९४९ रोजी दिल्लीत चार्टर्ड अकाउंटंट्सची संस्था स्थापन झाली आणि जुने आर. ए. त्या दिवसापासून सी. ए. झाले. १ एप्रिल १९५० पासून भारताचा आयकर कायदा हैदराबादला लागू झाला. दोनअडीच वर्षांत एवढी उलथापालथ! वडील सांगत, की पहिल्यांदा बाजारात ‘साहेबाला वही दाखवायची’ हा शब्द तेव्हा रूढ झाला. मोडीतली खतावणी साहेबाला वाचता येईना, म्हणून वडील वाचत आणि साहेबाचा कारकून इंग्रजीत उतरवून घेई. कागदाखाली सही साहेबाची. वडिलांना त्याचा राग नव्हता, पण आपले अक्षर दुसऱ्याच्या सहीखाली गेले याची बोच होती. मला कॉमर्सला घालण्याचे कारण एवढेच.

मी १९७४ साली बी. कॉम. होऊन हैदराबादेत आर्टिकल झालो तेव्हा प्रीमियमचा काळ गेला होता, उलट थोडासा स्टायपेंड मिळे. खोलीभाड्याला तो पुरत नसे हे खरे, पण दिवाणजीच्या पोराला दार उघडले ते यानेच, असे माझे ठाम मत आहे. परीक्षा अवघड होतीच, ती नेहमीच राहिली. पण अवघड असणे वेगळे आणि बंद असणे वेगळे.

बाजाराची आणि सी. ए.ची खरी गाठ पडली ती १९८४ साली. त्या वर्षीच्या वित्त कायद्याने आयकरात ४४ एबी हे कलम घातले आणि ४० लाखांवर उलाढाल असणाऱ्या व्यापाऱ्याला सी. ए.कडून हिशेब तपासून घेणे बंधनकारक झाले. घाऊक बाजारात ४० लाख म्हणजे काय मोठे! एका झटक्यात गल्लीच्या गल्ली त्या कलमाखाली आली. त्यानंतर चारपाच वर्षांत आणखी एक घाव बसला, त्याचा गवगवा फार झाला नाही. १९८९-९० या करनिर्धारण वर्षापासून सर्वांचे हिशेबाचे वर्ष एप्रिल ते मार्च असे एकच झाले. तोवर दिवाळी ते दिवाळी वर्ष धरता येई. वहीपूजन राहिले, पण पाडव्याला नव्या वहीत ओढायची शिल्लक मार्चअखेरच ओढून झालेली असते.

वाटही बदलत गेली. बारावीनंतर थेट फाउंडेशन आले, २००६ साली त्याची सीपीटी झाली, २०१७ साली पुन्हा फाउंडेशन. उमेदवारी तीन वर्षांची होती, ती जुलै २०२३ पासून दोन वर्षांवर आणली आहे. माझी भाची सध्या आर्टिकल आहे. दोन वर्षांत वही वाचायची नजर येईल का, अशी मला शंका आहे. ती म्हणते, ‘मामा, वह्या आहेत कुठे?’ बरोबरच आहे तिचे. २०१७ च्या जीएसटीनंतर दुकानदाराची बिले पोर्टलवर, आणि मुनीमजी संगणकापुढे.

एक गोष्ट सीमेवरच्या आपल्या घरांनी लक्षात घेण्यासारखी आहे. १९५६ साली संस्थान तीन राज्यांत वाटले गेले तेव्हा आपली बाजारपेठ बेगम बाजारच राहिली. पण सी. ए.च्या संस्थेच्या नकाशात नांदेड-लातूर पश्चिम विभागात, मुंबईकडे. बिदर, कलबुर्गी आणि हैदराबाद दक्षिण विभागात, चेन्नईकडे. देगलूरच्या आणि बिदरच्या दोन चुलतभावंडांची नावे दोन वेगळ्या विभागांत लागतात. परीक्षा मात्र दोघांचीही इंग्रजीत किंवा हिंदीत. मराठी नाही, तेलुगू नाही, कन्नड नाही, उर्दूही नाही. भाची इंग्रजीत पेपर लिहिते, बेगम बाजारात गेली की व्यापाऱ्याशी दखनीत बोलते, हमालाशी तेलुगूत, आणि आकडा मनात मोजते तो मराठीतच.