कबुलीपासून समुपदेशनापर्यंत : जबलपूरच्या कॅथलिक शाळा आणि विश्वासाचे स्थान

राइट टाउन, नेपियर टाउन ही जबलपूरमधील वस्त्यांची नावे वसाहतकाळाची साक्ष देतात. १८७० मध्ये मुंबईकडील आणि कलकत्त्याकडील लोहमार्ग या शहरात जोडले गेले. रेल्वे, न्यायालये व सरकारी कचेऱ्या यांच्या आश्रयाने येथे मराठी कुटुंबे स्थिरावली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले आणि या कुटुंबांची भाषा राज्यात अल्पसंख्य ठरली. अशा घरातील मूल कॅथलिक शाळेत गेले, की त्याचे जगणे तीन भाषांत वाटले जाते : घरी मराठी, रस्त्यावर हिंदी, वर्गात इंग्रजी. मनातले दुःख त्याने कोणत्या भाषेत आणि कोणापाशी सांगावे, हा प्रश्न वरवर शाळाव्यवस्थेचा वाटतो. प्रत्यक्षात तो धर्मसंस्था, राज्यसंस्था आणि भाषा यांच्या इतिहासाशी निगडित आहे.

कॅथलिक शाळेतील समुपदेशकाची भूमिका दोन स्वतंत्र परंपरांतून घडली आहे. पहिली परंपरा धर्मसंस्थेची. जबलपूरची सेंट अलॉयशियस शाळा १८६८ ची. ज्यांचे नाव तिने धारण केले, ते जेझुइट संत अलॉयशियस गोन्झागा (१५६८–१५९१) युवकांचे आश्रयदाते मानले जातात. कॅथलिक शिक्षणात विद्यार्थ्याच्या अंतःकरणाची जबाबदारी परंपरेने कबुली ऐकणाऱ्या धर्मगुरूवर असे. मात्र या परंपरेने एक महत्त्वाचा भेद जपला होता. शिक्षा करण्याचा अधिकार आणि गुपित ऐकण्याचा अधिकार एकाच व्यक्तीच्या हाती असू नये, असे तिचे सूत्र होते. १९१७ च्या धर्मविधिसंहितेतील ८९१ व्या कलमाने निवासी विद्यालयाच्या प्रमुखास तेथे राहणाऱ्या विद्यार्थ्यांची कबुली ऐकण्यास सामान्यतः मनाई केली. १९८३ च्या संहितेत ९८५ व्या कलमाने तोच निर्बंध कायम ठेवला. विद्यार्थ्याने स्वेच्छेने तशी विनंती केल्यास तेवढा अपवाद राहिला. कबुलीची गुप्तता तर ९८३ व्या कलमानुसार अभंग आहे. ज्याच्या हाती प्रवेश, निकाल आणि शिस्त आहे, त्याच्यापुढे मन मोकळे होत नाही, ही जाण मानसशास्त्राच्या आधी धर्मविधीने नियमबद्ध केली होती.

दुसरी परंपरा व्यवसाय-मार्गदर्शनाची. तिचा आरंभ फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये बॉस्टन येथे काढलेल्या केंद्रापासून मानला जातो. मुंबईत १९४१ मध्ये बाटलीबॉय मार्गदर्शन केंद्र, १९४७ मध्ये पारशी पंचायतीचे केंद्र आणि १९५० मध्ये मुंबई शासनाचे केंद्र सुरू झाले. १९५२–५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांत मार्गदर्शन अधिकाऱ्यांची शिफारस केली. जबलपूरमध्येही शैक्षणिक मानसशास्त्र व संदर्शन यांना वाहिलेले शासकीय महाविद्यालय उभे राहिले. या परंपरेचा भर अंतःकरणापेक्षा अभिक्षमतेवर होता. मूल कोणत्या कामास योग्य, हे चाचण्यांनी ठरवावयाचे होते. विकसनशील राष्ट्राला मनुष्यबळाची गरज होती आणि मार्गदर्शन हे त्या नियोजनाचे अंग होते.

या दोन परंपरा १९६० नंतर एकमेकींजवळ आल्या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी प्रसिद्ध केलेल्या शिक्षणविषयक घोषणापत्रात मानसशास्त्राच्या प्रगतीचा शिक्षणात उपयोग करण्यास मान्यता दिली. पुढील दशकात जेझुइट धर्मगुरू अँथनी डिमेलो (१९३१–१९८७) यांनी पुण्यात ‘साधना’ संस्थेद्वारे धर्मगुरू व धर्मभगिनींना समुपदेशनाचे प्रशिक्षण दिले. ही संस्था नंतर लोणावळ्यास गेली. संस्थेचे नाव भारतीय होते आणि तंत्रांत पाश्चात्त्य मानसोपचार व पौर्वात्य ध्यान या दोहोंचा मेळ होता.

या संयोगाचे खरे ताण पारिभाषिक शब्दांत दिसतात. मराठीने ‘समुपदेशन’ हा शब्द रूढ केला. त्याच्या पोटात ‘उपदेश’ आहे. आणि कार्ल रॉजर्स यांनी १९४२ पासून मांडलेली पद्धती तर उपदेश टाळण्यावरच उभी आहे. हिंदीतील ‘परामर्श’ विचारविनिमयाकडे झुकतो. ‘संदर्शन’ या शब्दात दृष्टीचा, नीट पाहण्या-दाखवण्याचा भाव आहे. जबलपूरच्या मराठी पालकाला ‘समुपदेशक’ म्हटल्यावर चार समजुतीच्या गोष्टी सांगणारा वडीलधारा दिसणे स्वाभाविक आहे. या अपेक्षेमागे गुरु-शिष्य संवादाची दीर्घ परंपरा आहे. फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’तही (१६१६) शंका विचारणाऱ्यास पाद्री उत्तरे देतो. ऐकणारा गुरू त्या परंपरेत क्वचितच आढळतो. बोलणाऱ्याला केंद्रस्थान देणारी आणि ऐकणाऱ्याला मौन पाळावयास लावणारी भूमिका मराठीच्या दृष्टीने नवी आहे. त्यामुळे समुपदेशन हे केवळ तंत्राचे नव्हे, संवादाच्या एका प्रकाराचेही भाषांतर ठरते.

तथापि अधिक गंभीर ताण गुप्ततेचा आहे. जबलपूरच्या कॅथलिक शाळांतील बहुसंख्य विद्यार्थी ख्रिस्ती नाहीत. कबुलीचा संस्कार त्यांच्यासाठी नाही. अशा मुलाला विश्वासाचे जे स्थान उपलब्ध होऊ शकते, ते समुपदेशकाच्या खोलीतच. परंतु कबुलीची अभंगता या खोलीला लाभलेली नाही. समुपदेशक हा मुख्याध्यापकांच्या अधिकाराखालील कर्मचारी असतो. शिवाय लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याच्या १९ व्या कलमाने अशा गुन्ह्याची माहिती वा आशंका असलेल्या प्रत्येकावर ती कळविण्याचे बंधन घातले. हे बंधन आवश्यक आहे. मौनाने अपराध्याचेच रक्षण होते. मात्र त्यामुळे ‘हे कोणालाही सांगणार नाही’ असे निरपवाद वचन समुपदेशकाला देता येत नाही. मुलाने बोलण्यास आरंभ करण्यापूर्वीच ही मर्यादा त्याला समजेल अशा शब्दांत सांगणे, हा आता त्या भूमिकेचा पहिला नैतिक नियम ठरतो.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक पात्र समुपदेशक नेमण्याचा निर्देश दिला. पद निर्माण होणे ही मोठी गोष्ट आहे. पण पदाबरोबर विश्वास आपोआप येत नाही. त्यासाठी जुन्या धर्मविधीतील तो भेद लौकिक रूपात पुन्हा मांडावा लागेल : ज्याला मुलाचे गुपित कळते, त्याच्या हाती मुलाची शिक्षा असू नये. याला भाषेचीही जोड हवी. राइट टाउनमधील मूल परीक्षेची भीती इंग्रजीत सांगू शकेल. आजीच्या मृत्यूचे वा घरातील भांडणाचे दुःख मात्र बहुधा मराठीतच उमटेल. ते ऐकणाऱ्याला मराठी येत नसेल, तर मुलाला आधी स्वतःचेच भाषांतर करावे लागते. आणि त्या भाषांतरात पुष्कळदा दुःखच गळून पडते.