आवाजाचा लगाम

नभोवाणीचा इतिहास आपल्याकडे बहुधा उद्घाटनांच्या तारखांनीं सांगितला जातो. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें केंद्र सुरू झालें. तें चालविणारी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी १९३० मध्यें बुडाली. १९३६ मध्यें सरकारी खात्यास ऑल इंडिया रेडिओ हें नांव मिळालें. आणि १९४८ मध्यें नागपूरचें केंद्र उघडलें. या तारखा खऱ्या आहेत. परंतु मायक्रोफोनपासून ध्वनिक्षेपकापर्यंतच्या वाटेवर आवाजाचें काय होतें, हा इतिहास त्यांत नाहीं. आम्हां वऱ्हाडकरांना तो कळणें अगत्याचें आहे. आमचें दर्यापूर नागपुरापासून दीडशे किलोमीटरांहून दूर. इतक्या अंतरावर क्षीण होऊन आलेल्या आवाजांत शब्द कळला तरच कपाशीच्या फवारणीचा सल्ला शेतकऱ्याच्या उपयोगीं पडावयाचा.

मूळ अडचण साधी आहे. मनुष्याच्या कुजबुजीपासून आरोळीपर्यंतचें अंतर अफाट. यंत्राची झेंप मात्र मर्यादित. मध्यम लहरींच्या ध्वनिक्षेपणांत वाहक लहरीची उंची आवाजाबरोबर कमीजास्त होते. आवाज फार चढला कीं ती लहर क्षणभर शून्यावर जाऊन तुटते. शब्द फाटतो, आणि शेजारच्या केंद्राच्या कार्यक्रमांतहि खरखर घुसते. उलट आवाज फार हळू ठेवला तर तो वातावरणांतील गोंगाटाखालीं गाडला जातो. प्रारंभीं ही कसरत मनुष्याच्या हातीं होती. नियंत्रणाच्या खोलींत बसलेला तंत्रज्ञ मापकाच्या कांट्यावर डोळा ठेवून गुंडी फिरवी. गवयाची तान कोठें चढणार हें ज्यास आधीं उमगे तोच चांगला तंत्रज्ञ. संगीताचा कान नसलेला मनुष्य त्या खुर्चीवर निरुपयोगी, असें आमचें मत आहे.

१९३७ मध्यें अमेरिकेंतील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीनें ११०-ए नांवाचा प्रवर्धक बाजारांत आणला. आवाज ठराविक मर्यादेपलीकडे जाऊं लागतांच तो आपण होऊन त्यास आवरी. शिखरें आटोक्यांत आल्यामुळें एकंदर आवाज सुमारें तीन डेसिबल वर उचलतां येई. आणि तीन डेसिबल म्हणजे ध्वनिक्षेपकाची शक्ति दुप्पट करण्याइतका लाभ. येथेंच लोभ शिरला. लगाम म्हणून आणलेली वस्तु चाबूक म्हणून वापरली जाऊं लागली, आणि आपलें केंद्र शेजारच्या केंद्रापेक्षां मोठ्यानें वाजावें ही ईर्ष्या जगभर पसरली.

या यंत्रांचा पहिला दोष आमच्याकडच्या कीर्तनाच्या उदाहरणानें चांगला समजतो. गाडगेबाबांचा जन्म याच भागांत, शेंडगांवीं, १८७६ मध्यें झाला. बाबांच्या कीर्तनाची रीत सर्वांस ठाऊक आहे: ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत, थांबत, आणि समुदायाकडून उत्तर येई. तो थांबा हा कीर्तनाचाच भाग होय. पण हळू आवाज वर उचलणाऱ्या यंत्रास हें कोठून कळावें? बुवा थांबले कीं आवाज पडला असें समजून तें पंख्याची घरघर आणि खोकले वर ओढतें. पुढचा शब्द उच्चारला जातांच गडबडून सर्व खालीं दाबतें. यास धाप लागणें हेंच नांव शोभतें. १९६० च्या सुमारास अमेरिकेंतील सी. बी. एस. च्या प्रयोगशाळेनें ऑडिमॅक्स नांवाचें यंत्र केलें. शांतता पडतांच तें होतें त्या ठिकाणीं थांबून राही. मौन आणि मंद आवाज यांत भेद आहे, हें प्रथम या जातीच्या यंत्रांना शिकवावें लागलें. आजहि नवें यंत्र बसवितांना धाप ऐकूं आली तर प्रथम ही उंबरठ्याची खूण तपासावी, आणि आवाज वर उचलण्याचा वेग कमी करावा.

दुसरा दोष एफ. एम. बरोबर आला, आणि तो अधिक फसवा आहे. या पद्धतींत पाठविण्यापूर्वीं उंच स्वर मुद्दाम वाढवितात व ऐकणाऱ्याच्या संचांत तितकेच उतरवितात. त्यामुळें वाटेंतील सूं-सूं कमी होते. आपल्याकडे या वाढीचें माप ५० मायक्रोसेकंद, अमेरिकेंत ७५. पंधरा हजार कंपनांच्या स्वराची उंची आपल्या मापानें जवळजवळ पांचपट होते, अमेरिकेच्या मापानें सातपट. आतां भजनाचा विचार करावा. टाळ वाजला कीं त्याचा किणकिणाट या वाढीमुळें मर्यादेवर जाऊन आदळतो. यंत्र सर्व स्वरांस एकत्र दाबणारें असेल तर टाळाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर बुवांचा गळाहि खालीं बसतो. अपराध टाळाचा, शिक्षा गळ्यास! रॉबर्ट ऑर्बन यांनीं १९७५ मध्यें काढलेल्या ऑप्टिमॉड ८००० या यंत्रांत उंच स्वरांचा बंदोबस्त निराळा केलेला होता, आणि मर्यादा घालण्याचें व स्टीरिओ संकेत बनविण्याचें काम एकाच पेटींत आणलें होतें.

पेटी उत्तम असली तरी जोडणी चुकते. अमेरिकेचें ७५ हें माप तसेंच राहून गेलें, तर आपल्याकडील संचांत आवाज तीक्ष्ण लागतो. याहून वाईट म्हणजे ही वाढ यंत्रांतहि होते आणि ध्वनिक्षेपकांतहि. संच ती एकदांच उतरवितो, म्हणून प्रत्येक ‘स’ आणि ‘श’ कानांत सुईसारखा टोंचतो. दोहोंपैकीं एका ठिकाणचें बटण बंद करणें हाच उपाय.

२००६ च्या धोरणानें स्वयंसेवी संस्थांनाहि सामुदायिक नभोवाणीचें दार उघडलें. या केंद्रांची प्रभावी शक्ति सामान्यतः १०० वॅटपर्यंतच. त्यामुळें आवाज नीट आवरण्याचें मोल त्यांना सर्वांत अधिक. तेथें ऐकूं येणारी एक चमत्कारिक तक्रार अशी: केंद्रांत दोन कर्ण्यांवर सर्व ठीक, पण गांवांतील एकाच कर्ण्याच्या संचावर गाणारा नाहींसा होतो आणि कडेचे टाळ-मृदंग तेवढे उरतात. मंडळी यंत्राच्या गुंड्या फिरवीत बसतात. वास्तविक यंत्र बाजूस सारून सरळ जोडणी करून पाहावी. तरीहि गाणारा सांपडत नसेल तर दोष यंत्राचा नव्हे, तारांचा. एका बाजूची तार उलटी जोडली गेली म्हणजे दोन्ही बाजूंत सारखा असलेला आवाज एकमेकांस खोडून टाकतो. त्या दोन तारांची अदलाबदल केली कीं बुवा पुन्हां ऐकूं येऊं लागतात.