हातची विद्या आणि आंकड्यांचें यंत्र

नाशिकच्या तांबट आळींत मुलगा बापाशेजारीं बसून हातोडीचे ठोके शिके, आणि ती विद्या त्याला जन्मभर पुरे. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें व पुढें अंबडच्या शिवारांत कारखाने उभे राहिले. तेथें हातोडीची जागा लेथनें घेतली. १९५० ची कारागीर प्रशिक्षण योजना आणि १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा यांनीं टर्नर-फिटर घडविण्याची सोय केली.

परंतु अमेरिकेंत १९५२ सालीं प्रथम दाखविलेलें अंकनियंत्रित यंत्र संगणकाची जोड घेऊन अंबडलाहि पोहोंचलें. हत्यार किती पुढें सरकवावें हें पूर्वीं टर्नरचा हात ठरवी. आतां तें आज्ञावलीचे आंकडे ठरवितात. मग जुन्या टर्नरचें ज्ञान व्यर्थ झालें काय? मुळींच नाहीं. धातु कसा तापतो, धार केव्हां जाते, हें तो जाणतो. उणीव आहे ती आंकड्यांच्या लिपीची.

कायद्यानें सोय केली ती मुख्यत्वेंकरून धंद्यांत नव्यानें शिरणाऱ्यांची. चाळिशीच्या कामगाराला मात्र रोजावर पाणी न सोडतां पुन्हां विद्यार्थी होतां आलें पाहिजे. तांबटाच्या मुलाला घरची भाकरी हीच शिष्यवृत्ति होती. तेवढा आधार या कामगारालाहि मिळणें न्याय्य आहे.