वैद्यकातील आकारवाचक संज्ञा

शरीरात काटेकोर वर्तुळ किंवा शंकू सापडत नाही, तरी वैद्यकाचे भूमितीवाचून चालत नाही. कुठे आणि किती कापायचे, हे आकाराच्या नावाने हाताला नेमके कळते. सुश्रुतसंहितेत हातापायांसाठी वर्तुळाकार, तर गुदभागासाठी अर्धचंद्राकार छेद सांगितला आहे. पित्ताशय काढताना आजचा सर्जन आधी पित्ताशयाच्या नळीजवळचा, कॅलोचा त्रिकोण म्हणून ओळखला जाणारा भाग मोकळा करतो. तो स्वच्छ दिसेपर्यंत नळी किंवा रक्तवाहिनी कापायची नसते.

परंड्याच्या परिसरात या भूमितीचा संबंध पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरशी, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी येतो. बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतील गावांसाठी बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयातून 1987 पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. भारतातली ही पहिली ग्रामीण नोंदणी. पुढे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांचा समावेश असलेला मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाले: एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या चाचणीनेही या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. खेड्यातल्या बायांनी तपासणीला येऊन जगाला दिलेला हा पुरावा आहे आणि जिल्ह्याला त्याचा अभिमान वाटायला हवा.

याच अभ्यासातली दुसरी तपासणी साध्या डोळ्यांनी होते. गर्भाशयमुखावर पातळ ॲसिटिक आम्ल लावून मिनिटभर थांबले, की बिघडलेला भाग पांढरा पडतो. समोर दिसणारे तोंड गोल धरून त्याचे चार चतुर्थांश पाडतात. डाग किती वाजण्याच्या दिशेला आहे, हेही घड्याळाप्रमाणे लिहितात. या मोजणीवर उपचार ठरतो. डाग तीन चतुर्थांशांहून कमी जागेत असेल, आतल्या नळीत शिरलेला नसेल आणि कर्करोगाचा संशय नसेल, तर तो भाग गोठवून नष्ट करता येतो.

डाग नळीत गेला असेल तर शंकूच्या आकाराचा तुकडा काढतात. शंकूचा तळ बाहेरच्या बाजूला, टोक गर्भाशयाकडे. तुकड्याच्या कडा निरोगी आहेत का, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. मूल हवे असलेल्या स्त्रीच्या बाबतीत शंकूची उंची फार जपून ठरवावी लागते, कारण तो जितका खोल, तितका पुढच्या बाळंतपणात दिवस पूर्ण होण्याआधी प्रसूती होण्याचा धोका वाढतो.