विजेच्या पदवीचे मोल



दहावीचा निकाल लागला की एखादे वडील शाळेत येऊन हमखास विचारतात, "सर, पोराला इलेक्ट्रिकल इंजिनियर करायचे म्हणतो. शेत विकावे लागेल का?" उत्तर देण्यापूर्वी आपण थोडे मागे वळून पाहू.

आपला हिंगोलीचा मुलूख १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तेथे १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि १९२९ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. भाषा घरची, पण गाव लांबचे! फीपेक्षा राहण्याजेवण्याचा खर्चच साध्या घराला जड जाई. मुंबईत अंजुमन-इ-इस्लामची साबू सिद्दीक तंत्रशिक्षण संस्था १९३६ पासून आहे. तीही आपल्याला लांबच.

पुढे १९६० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले आणि १९८१ मध्ये नांदेडला श्री गुरु गोबिंदसिंगजी महाविद्यालय आले. अंतर घटले, तसा खर्चही घटला. १९८३ पासून राज्यात विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी मिळाली. जागा वाढल्या, पण देणग्यांचा बाजारही वाढला. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी देणगी बेकायदा ठरविली. २०१५ च्या राज्याच्या कायद्याने खाजगी महाविद्यालयांची फी ठरविण्यासाठी शुल्क नियामक प्राधिकरण नेमले.

या इतिहासातून एक गोष्ट ध्यानी घ्यावी : माहितीपुस्तिकेवर छापलेली फी हा खर्चाचा एकच भाग असतो. वसतिगृह, खाणावळ, प्रवास, पुस्तके यांची चार वर्षांची बेरीज करा आणि मगच दोन महाविद्यालयांची तुलना करा.

दुसरी वाटही पाहा. अकरावी-बारावीची दोन वर्षे आणि पदवीची चार, मिळून सहा. तंत्रनिकेतनातील पदविकेची तीन वर्षे आणि थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेऊन पदवीची तीन, मिळून तीही सहाच! या वाटेने पदवीच्या एका वर्षाची फी वाचते आणि मध्येच घरावर संकट आले तर हाती पदविका असते. शासकीय तंत्रनिकेतन तर हिंगोलीतच आहे.

आता मोलाचे. इमारत पाहून भुलू नका. प्रयोगशाळेतील यंत्रे चालतात का, शिक्षक टिकून आहेत का, त्या शाखेला राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाची मान्यता आहे का आणि मागील विद्यार्थी आज काय करतात, हे विचारा.

आपल्याच औंढा नागनाथजवळ 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजुरी दिली. खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये. तेथे विजेची जाण असणारी माणसे लागणारच. पण जिल्हा एक आहे म्हणून कोणी बोलावणार नाही; ज्याला काम येते त्यालाच बोलावतील.

म्हणून त्या वडिलांना मी सांगतो, शेत विकण्याआधी हिशेब मांडा. आणि मुलांनो, वडिलांच्या घामाचा हिशेब तुम्ही मांडा. पदवीला किंमत महाविद्यालय लावते. तिचे मोल मात्र तुमच्या मेहनतीनेच ठरते.